पोटातलं कारण

कर्णिका पहिल्यांदा विभागात आली, त्या दिवशी यशोधरा मिठारींनी तिला कुणाचीतरी विसरलेली कुंकवाची डबी समजून खिडकीत ठेवून दिलं होतं. ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा माणूस बराच वेळ शोधत होता. शेवटी ती सापडली तेव्हा त्याने बाईंकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर बाई पुढे कित्येकांना हावभावांसकट करून दाखवत. यंत्राशी आपलं पटायचं नाही, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

गोष्ट २०४६ सालची, कोल्हापूरची. एमबीएच्या शेवटच्या वर्षाला मनुष्यबळ व्यवस्थापन घेतलेल्या मुलामुलींना यशोधराबाई 'कामगार संबंध' हा विषय शिकवत. पूर्वी या विषयाचे आठवड्याला चार तास असत. आता एकच उरला होता आणि त्याचं श्रेय बऱ्याच अंशी त्या डबीला जात होतं.

कर्णिका काय करायची, ते बाई स्वतःच मुलांना समजावून सांगत, कारण कंपनीच्या पुस्तिकेतलं कुणालाच कळत नसे. माणूस एखादी गोष्ट सांगायला निघतो आणि ऐन वेळी गिळतो, तेव्हा ती नुसती मनात राहत नाही. वाक्य तयार झालेलं असतं. मेंदूने जिभेला आणि घशातल्या स्नायूंना हुकूम सोडलेला असतो, फक्त आवाज दाबून ठेवलेला असतो. स्नायू केसभर हलतात आणि थांबतात. हे समोरच्याला दिसत नाही आणि बोलणाऱ्याला जाणवतही नाही. कर्णिकेतून निघणाऱ्या रडारच्या लहरी गळ्याच्या कातडीवर आपटून परत येत आणि ती केसभर हालचाल बरोबर टिपत. लाखो मुलाखती ऐकून तयार झालेलं गणित त्या हालचालींचे शब्द करी आणि समोरच्या पडद्यावर एक ओळ उमटे. ओळीच्या आधी लिहिलेलं असे, 'मागे राहिलेले'.

म्हणजे कामगार म्हणाला, "घरी अडचण होती साहेब," की पडद्यावर येई, 'सुपरवायझरला घाबरून आलो नाही'. कामावर रुजू होतानाच प्रत्येकाची यासाठी संमती घेतलेली असे, त्यामुळे कायद्याने कुणाला काही म्हणता येत नव्हतं.

यंत्र वाईट नव्हतं, हे बाईंनाही मान्य होतं. इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत एका बाईला तिचा वरिष्ठ छळत होता. तिच्या तोंडून ते कधीच निघालं नसतं, ते पडद्यावर पहिल्याच दिवशी आलं आणि तो माणूस घरी बसला. पण त्याच गिरणीच्या मनुष्यबळ खात्यात जिथे पूर्वी पाच-सहा माणसं असत, तिथे आता एकजण पडद्याकडे तोंड करून बसत होता. समोरच्या खुर्चीत कोण बसलंय, ते बघायची त्याला गरज पडत नव्हती. बाईंचा राग होता तो यावर.

त्यांची सगळी भिस्त होती चौकशीच्या तासावर. कारखान्यात कामगारावर आरोप झाला, तर शिक्षा देण्याआधी त्याची खात्यांतर्गत चौकशी करावी लागते आणि त्याला त्याचं म्हणणं मांडू द्यावं लागतं. विभागात दर वर्षी अशी एक लुटुपुटीची चौकशी होत असे. एक विद्यार्थी चौकशी अधिकारी, एक कंपनीच्या बाजूने, एक युनियनच्या बाजूने, आणि आरोपी कामगार म्हणून एखादा आजी किंवा माजी विद्यार्थी. ही प्रथा इंगवले सरांनी घातली होती. सर आधी गिरणीत लेबर ऑफिसर होते आणि त्यांना शिकवण्यापेक्षा भांडणं मिटवण्याचा सराव जास्त होता.

सरांचा नियम एकच होता. कामगार होणाऱ्याने गुन्हा सगळ्यांना सांगायचा, पण त्यामागचं खरं कारण आपल्या पोटात ठेवायचं. योग्य प्रश्न, योग्य तऱ्हेने, कुणी विचारला तरच ते बाहेर काढायचं आणि मग 'बरोबर' म्हणून कबूल करायचं. आणि कारण कुठे लिहायचं नाही. लिहिलं की त्याचं पाठांतर होतं, सर म्हणायचे, आणि पाठ केलेलं दुःख बघणाऱ्याला लगेच ओळखू येतं.

यशोधरा सरांची विद्यार्थिनी, २००९ च्या तुकडीतली. त्या दिवसांची नुसती आठवण निघाली तरी बाईंचा चेहरा सैल पडायचा. मंगळवारी आणि गुरुवारी शिरोलीच्या एमआयडीसीत फिल्डवर्क असे. कुणाकडे स्कूटी, कुणाकडे वडिलांची जुनी मोटरसायकल, बाकीचे केएमटीच्या बसला लोंबकळत. लोखंड ओतणाऱ्या फौंड्रीतून परत येताना केसांत, कॉलरमध्ये, अगदी डब्यातल्या पोळीतसुद्धा मोल्डिंगची काळी वाळू सापडायची. 'कॅन्टीन समितीची बैठक' असं टिपणात लिहून ही मंडळी प्रत्यक्षात कॅन्टीनच्या मागे कामगारांबरोबर भजी खात बसलेली असत, आणि तिथे जेवढं कळायचं तेवढं बैठकीत कधी कळलं नाही.

त्या तुकडीतला कामगार म्हणजे दिगंबर नलवडे. कागलकडचा उंच, काळासावळा पोरगा, आवाजाने खणखणीत. पहिल्या वर्षी तो सुपरवायझरच्या कानाखाली वाजवणारा कामगार झाला होता. अख्ख्या तुकडीने त्याला उलटंपालटं केलं, पण तो बधला नाही. चौकशी अधिकारी यशोधरा होती. प्रश्न संपले तेव्हा ती नुसती त्याच्याकडे बघत बसली, आणि बऱ्याच वेळाने त्याने आपण होऊन कारण सांगितलं. सुपरवायझरने त्याला नव्हे, त्याच्या शेजारच्या मुक्या कामगाराला शिवी दिली होती. त्या दिवशी इंगवले सरांनी यशोधराला म्हटलं होतं, तुला ऐकता येतं. त्या एका वाक्यावर बाईंनी पुढची नोकरी, पीएचडी आणि सगळी मास्तरकी उभी केली होती.

दिगंबर पुढे एका मोठ्या फौंड्रीत मनुष्यबळ खात्याचा प्रमुख झाला, पण चौकशीच्या तासाला एकदाही चुकला नाही. दर वर्षी नवा गुन्हा, नवं कारण. एका वर्षी त्याचा कामगार रोज उशिरा येई, कारण नव्या गेटवर त्याचाच मुलगा वॉचमन होता आणि पोराने आपली झडती घ्यावी हे त्याला सोसत नव्हतं. तो तास आठवून आजही जुने विद्यार्थी बाईंना फोन करत. कर्णिका आली तशी दिगंबरची नोकरी वेळेआधी गेली, पण त्याचा आवाज आणि तास दोन्ही शाबूत होते.

आता तासच जायची वेळ आली होती. अभ्यासक्रमाच्या बैठकीत संचालक डॉ. नेजदारांनी शांतपणे विषय काढला. कारण यंत्र शोधतं, तर मुलांनी ते शोधायला अख्खी दुपार का घालवायची? नेजदार दुष्ट नव्हते, हिशेबी होते. बाईंनी त्यांच्याशी एवढा वाद घातला, की शेवटी त्यांनी तोड काढली. या वर्षी चौकशीच्या टेबलावर कर्णिकाही ठेवायची. मुलांनी यंत्राच्या आधी कारण काढलं तर तास राहील, नाहीतर पुढच्या वर्षीपासून बंद. दिगंबरने कारण आधी लिहून द्यावं, असं कर्णिकेच्या कंपनीच्या माणसाचं म्हणणं होतं. बाईंनी साफ नकार दिला. जे इंगवले सरांनी कधी लिहू दिलं नाही, ते एका डबीसाठी लिहायचं का, असं त्यांनी विचारलं आणि नेजदारांनी तो मुद्दा सोडून दिला.

बाई निमंत्रण द्यायला राजारामपुरीत दिगंबरच्या घरी गेल्या. तो खुशीत होता. त्याने दीक्षांत समारंभात माईक बंद पडल्याचा जुना किस्सा सांगितला आणि दोघं पोट धरून हसली. त्याची बायको शोभा चहा घेऊन आली. चहा होईपर्यंत त्याने तोच किस्सा पुन्हा पहिल्यापासून सांगितला. बाई पुन्हा हसल्या, कारण किस्सा चांगलाच होता. शोभा कपबशा उचलून आत गेली.

"कारण ठरवलंयस ना?" निघताना बाईंनी विचारलं.

"एकदम फर्मास," दिगंबर म्हणाला. "डबी गपगार हुईल बघ."

फेब्रुवारीतल्या दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. मधोमध टेबल, टेबलावर कर्णिका आणि मागे मोठा पडदा. दिगंबर निळा कारखान्याचा शर्ट घालून आला तेव्हाच टाळ्या पडल्या. या वर्षी तो शंकरमामा होता. भट्टीतलं लोखंड ओतायला तयार असताना जागा सोडून निघून गेलेला, तासाभराने परतलेला. तोवर लोखंड पात्रातच थिजलं होतं आणि कंपनीचं मोठं नुकसान झालं होतं.

चौकशी अधिकारी होती ओवी चौगुले. ही मुलगी हळू बोलायची, एका वाक्यानंतर दुसरं यायला वेळ घ्यायची, त्यामुळे वर्गात तिला सगळे मंद समजत. बाईंनी तिलाच निवडलं म्हणून मुलांमध्ये कुजबुज झाली होती.

कंपनीच्या बाजूच्या मुलाने सुरुवात केली. तब्येत बिघडली होती का? घरून फोन आला होता का? कुणाशी भांडण? दिगंबर प्रत्येकाला 'न्हाई साहेब' म्हणत होता. सगळे दर उत्तरानंतर पडद्याकडे बघत. पडद्यावर एकच ओळ येत होती.

मागे राहिलेले: काही नाही.

कर्णिकेच्या कंपनीचा माणूस पुढे आला, डबी थोडी वळवली, काहीतरी तपासलं. पुन्हा तेच. माणूस खरं कारण लपवतोय हे अख्ख्या सभागृहाला माहीत होतं, आणि यंत्र म्हणत होतं लपवण्यासारखं काही नाहीच. मागच्या बाकांवर हशा पिकला. नेजदारांनी चष्मा काढून पुसला. बाईंना मनातून उकळ्या फुटत होत्या. दिगंबरने एवढ्या वर्षांत आपला अभिनय इतका मुरवला की वाक्य घशापर्यंतसुद्धा येऊ देत नाही, असं त्यांना वाटलं.

ओवीने आतापर्यंत एकही प्रश्न विचारला नव्हता. तिने पेन खाली ठेवलं.

"मामा, भट्टीपासून निघालात तेव्हा कुठं चालला होता?"

दिगंबरने दाराकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"त्येच आठवंना झालंय, म्याडम."

कंपनीच्या बाजूचा मुलगा म्हणाला, हे उत्तर टाळणं आहे. ओवीने हात वर करून त्याला थांबवलं आणि ती गप्प बसली. सभागृहात पंख्याचा आवाज येऊ लागला, तरी ती गप्पच. दिगंबर खुर्चीत पुढे सरकला. मग त्याने मान वळवून थेट बाईंकडे पाहिलं.

"यशू, मी काय ठरवलं हुतं गं?"

सगळे खो खो हसले. काय नट आहे, असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं. बाई हसल्या नाहीत. छत्तीस-सदतीस वर्षांत चौकशीच्या खुर्चीवर बसल्यावर दिगंबरने त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती. माईकचा किस्सा, त्याच्यावर दोनदा आलेलं आपलं हसू आणि कपबशा उचलून आत गेलेली शोभा, हे सगळं त्यांना एकाच वेळी समजलं. त्याचं ते फर्मास कारण कुठेच नव्हतं. कागदावर ते कधीच नव्हतं, आणि आता ते त्याच्या पोटातही राहिलं नव्हतं.

बाईंना उठून चौकशी बंद करावीशी वाटली. एक शब्द पुरला असता. पण ओवी अजून दिगंबरकडेच बघत होती, आणि तिच्या बघण्यात घाई नव्हती, म्हणून बाई खुर्चीचे हात धरून बसून राहिल्या.

"मामांनी भट्टी मुद्दाम सोडलेली नाही," ओवी हळूहळू म्हणाली. "त्यांना विसरायला होतंय. आणि ते त्यांनासुद्धा आत्ताच कळतंय."

पडद्यावर तरीही तीच ओळ होती.

"बरोबर," तो म्हणाला.

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. ओवीला मैत्रिणींनी उचलूनच घेतलं. नेजदार स्वतः पुढे येऊन म्हणाले की तास राहील. कंपनीचा माणूस मात्र डबी हातात घेऊन उभा होता आणि यंत्रात काही दोष नाही, असं येईल त्याला सांगत होता.

त्याचं खरं होतं. गर्दी ओसरल्यावर बाईंनी दिगंबरला विचारून, त्याच्या परवानगीने, नेजदारांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. यंत्र चुकलं नव्हतं. घशात अडकलेलं वाक्य त्याला ऐकू येतं, पण इथे वाक्यच नव्हतं. कारण हरवलं होतं, आणि आपण विसरतोय हे तर दिगंबरने अजून स्वतःशीही म्हटलं नव्हतं. तेव्हा ही पैज रद्द समजायची असेल तर समजा, असं बाई म्हणाल्या. हे सांगताना तास गेला तर काय, हा विचार त्यांना आला आणि तो त्यांनी गिळला.

नेजदार म्हणाले, "यंत्राने काही नाही म्हणून सांगितलं आणि ते थांबलं. ती मुलगी थांबली नाही. तास राहू द्या, मॅडम."

दिगंबर सभागृहातल्या शेवटच्या बाकावर बसला होता, शर्टाची वरची गुंडी उघडून. बाई शेजारी जाऊन बसल्या. घरात किल्ल्या सापडत नव्हत्या तेव्हा मी शोभावर चिडायचो, तो म्हणाला. गेल्या महिन्यात भवानी मंडपातून घरी यायला रिक्षा केली, आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगताना खोकल्याचं निमित्त केलं. प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त मिळायचं. आज चारचौघांत निमित्तच सुचलं नाही.

"शोभाला सांगायला पायजे," तो म्हणाला. "मला जमायचं न्हाई, यशू. तू सांग की."

बाईंना ते सोपं होतं. शब्द त्यांच्याकडे ढिगाने होते, तेच तर त्यांचं काम होतं. पण त्या म्हणाल्या की मी बरोबर येते, सांगायचं मात्र तू.

दिवेलागणीला दोघं राजारामपुरीत पोचली. शोभा नुकतीच भाजी घेऊन आली होती. पन्नाशी ओलांडेपर्यंत तिने शाळेत चौथीचा वर्ग सांभाळला होता आणि चेहरा वाचायची सवय तिला होती. दोघांना एकत्र बघून तिने पिशवी तशीच खाली ठेवली आणि खुर्चीत बसली.

दिगंबरने सुरुवात तासापासून केली. ओवी कशी छान, हॉल कसा भरला होता, डबी कशी गप्प बसली. मग तो थांबला. बाईंच्या ओठांवर त्याचं पुढचं वाक्य अक्षरशः तयार होतं. समोर कर्णिका असती तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं असतं. त्यांनी ते येऊ दिलं नाही. शोभाही काही म्हणाली नाही. बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, ते लावून झालं.

"शोभा, मला विसरायला व्हायलंय," दिगंबर म्हणाला. "लई."

शोभाने डोळे पुसले नाहीत. तिने खुर्ची ओढून त्याच्या जवळ घेतली. उद्या डॉक्टरांकडे जाऊ, एवढं ती बोलली. मग थोड्या वेळाने, चौथीतल्या मुलाला विचारावं तशा सहज आवाजात तिने विचारलं, "बरं, काय काय आठवतंय तुम्हाला, ते सांगा मला. सगळ्यात पक्कं असेल ते."

दिगंबरने डोळे मिटले आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"ही," त्याने बाईंकडे बोट केलं. "कॉलेजचा पहिला म्हैना. ही बॅग घेऊन मध्यवर्ती स्टँडवर बसली हुती. गडहिंग्लजची गाडी लागलेली. इथलं काय जमत न्हाई, फौंड्रीचं भ्या वाटतंय, घरी जाते म्हणत हुती. मी शेजारी जाऊन बसलो. काय बोलावं ते सुचंना, म्हणून बोललोच न्हाई. हीच बोलत ऱ्हायली, रडली, परत बोलली. आणि गाडी गेली की निघून."

शोभाने बाईंकडे पाहिलं.

बाईंना त्या संध्याकाळचं एवढंच आठवत होतं की आपली गाडी चुकली. चुकली म्हणून त्या परत हॉस्टेलवर आल्या आणि मग राहिल्याच, असं त्यांनी आजवर सगळ्यांना सांगितलं होतं. शेजारी कुणी बसलं होतं, हे त्यांच्या मनातून पार पुसलं गेलं होतं. ऐकायला आपण इंगवले सरांकडून शिकलो, असं त्या कितीतरी तुकड्यांना सांगत आल्या होत्या.

"मग पुढं?" बाईंनी विचारलं, आणि दिगंबर सांगत गेला.